बारावीनंतर जर्मनीत बॅचलर: थेट प्रवेशाचा हिशेब आधी कॅलेंडरवर मांडा

ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं बँक खातं) काय असतं, एपीएस (जर्मनीला जाण्याआधी होणारी आपल्या शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी) म्हणजे काय, बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी का नसते, हे तुम्ही एव्हाना वाचून काढलं असणार. मास्टर्सला जाणाऱ्यांसाठी तर माहितीचा महापूर आहे. बारावी करून बॅचलरला निघालेल्यांना मात्र जो तो अर्धवट सांगतो. सांगणारा बहुतेक वेळा स्वतः मास्टर्सला गेलेला सीनियर असतो. त्याचा हेतू चांगलाच असतो, पण या वाटेने तो कधी गेलेलाच नसतो.

महाराष्ट्र बोर्ड असो की सीबीएसई, आपली बारावी तिथे एकटी पुरत नाही. मग मार्ग उरतात तीन. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असाल तर तांत्रिक आणि विज्ञान शाखांत थेट अर्ज करता येतो. मेनचा पर्सेंटाइल कितीही असला तरी तो इथे चालत नाही. दुसरा मार्ग म्हणजे भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचं एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करायचं आणि त्याच किंवा जवळच्या शाखेत अर्ज करायचा. तिसरा मार्ग स्टुडिएनकोलेगचा: जर्मनीत दोन सेमिस्टर तयारीचा अभ्यासक्रम आणि शेवटी एफएसपी ही विद्यापीठ-प्रवेशाची पात्रता ठरवणारी परीक्षा.

बहुतेक जण दुसऱ्या मार्गाकडे वळतात. मीही वळले. 'एकच तर वर्ष आहे, इथेच काढ, मग थेट प्रवेश' हे ऐकायला इतकं सोपं वाटतं की कोणी बोटांवर महिने मोजत नाही. आपण मोजूया.

समजा, बारावीचा निकाल मे २०२५ मध्ये लागला. कॅप राउंड संपून इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष खऱ्या अर्थाने सुरू होईपर्यंत सप्टेंबर उजाडतो. दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा जून-जुलै २०२६ मध्ये, निकाल ऑगस्टमध्ये, तोही विद्यापीठाची मर्जी असली तर. आणि जर्मनीतल्या हिवाळी सेमिस्टरच्या अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी १५ जुलै. म्हणजे तुमच्या हातात दुसऱ्या सेमिस्टरची गुणपत्रिका येते तेव्हा खिडकी बंद झालेली असते. माझं नेमकं हेच झालं. भाषा तयार, पैसे तयार, पहिल्या सेमिस्टरला उत्तम गुण, आणि दुसऱ्या सेमिस्टरचा निकाल विद्यापीठाच्या पोर्टलवर 'लवकरच'.

बरं, पुढची मुदत १५ जानेवारीची, उन्हाळी सेमिस्टरसाठी. पण बहुतेक बॅचलर अभ्यासक्रम हिवाळ्यातच सुरू होतात, त्यामुळे जानेवारीत अर्ज करायला जागाच फारशा नसतात. मग पुन्हा १५ जुलै, आणि वर्गात बसायचं ते ऑक्टोबर २०२७ मध्ये. त्या 'एका वर्षा'ची ही खरी लांबी: बारावीच्या निकालापासून सव्वादोन वर्षांहून जास्त. मध्ये एपीएसही करायचं असतं. त्याची फी १८,००० रुपये, कागदपत्रं कुरिअरने दिल्लीला, आणि प्रमाणपत्र हातात यायला काही आठवडे. १ नोव्हेंबर २०२२ पासून त्याशिवाय विद्यार्थी व्हिसाच मिळत नाही. शिवाय युनि-असिस्ट या, विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत अर्ज असेल तर त्यांनाही तपासणीला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून १५ जुलैला अर्ज टाकणं म्हणजे नशिबावर हवाला ठेवणं.

आता एटीकेटी. आपल्याकडे एखादा विषय राहिला तरी दुसऱ्या वर्षात बसता येतं, त्यामुळे 'पहिलं वर्ष झालं' असंच आपण म्हणतो. तिथे वर्ष पूर्ण झालं म्हणजे त्या वर्षातले सगळे विषय सुटले, इतकाच अर्थ धरला जातो. गणित-दोन राहिलं असेल तर तुम्ही तिसऱ्या सेमिस्टरला कितीही चमका, पहिलं वर्ष अपूर्णच. ती परीक्षा पुन्हा द्या, निकालाची वाट बघा, नवी गुणपत्रिका काढा, आणि मग वर सांगितलेलं कॅलेंडर पुन्हा पहिल्यापासून सुरू. माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलाचं केवळ एका विषयापायी असं झालं. तेव्हा हा मार्ग धरणार असाल तर पहिल्या वर्षात एकही विषय राहू देऊ नका. हे मी गुळमुळीत सांगणार नाही.

आणखी एक अट शाखेची आहे. मेकॅनिकलचं पहिलं वर्ष करून तुम्ही व्यवस्थापनाला थेट अर्ज करू शकत नाही. 'तिकडे गेल्यावर बघू' हा पर्याय नाही. कोणती शाखा हे इथेच ठरतं.

याच काळात स्टुडिएनकोलेगचं काय होतं ते बघा. मे २०२५ मध्ये बारावी, पुढचं वर्ष जर्मन शिकण्यात, सप्टेंबर २०२६ मध्ये कोलेग सुरू, २०२७ च्या उन्हाळ्यात एफएसपी, आणि ऑक्टोबर २०२७ मध्ये बॅचलर. ज्याला सगळे 'लांबचा रस्ता' म्हणतात तो त्याच महिन्यात पोहोचतो! वर जर्मनीत राहून भाषा पक्की झालेली असते. थेट प्रवेशाला जर्मन माध्यमासाठी साधारण सी-वन ही जर्मन भाषेची वरची पातळी लागते, म्हणजे डीएसएच या भाषापरीक्षेत डीएसएच-२ किंवा टेस्टडाफ या दुसऱ्या परीक्षेच्या चारही भागांत चार. कोलेगला त्याहून खालची, किमान बी-वन, पण बरीच कोलेग बी-टू मागतात. इथे बसून कॉलेज सांभाळत सी-वन गाठणं किती जड जातं, ते केलेल्यालाच विचारा. चार महिन्यांत बी-टू करून देणाऱ्या क्लासेसबद्दल माझं मत इथे छापण्यासारखं नाही.

कोलेगमध्ये अभ्यासक्रम आधीच निवडावा लागतो. तंत्रशास्त्र-गणितासाठी टी, वैद्यकीय-जीवशास्त्रासाठी एम, अर्थशास्त्रासाठी डब्ल्यू, मानव्यविद्यांसाठी जी. टी करून औषधनिर्माणशास्त्राकडे वळता येत नाही. आणि ज्या कोलेगचं नातं फाखहोखशूलेशी (प्रत्यक्ष कामावर भर देणाऱ्या उच्चशिक्षण संस्थेशी) आहे, तिथली एफएसपी साधारणपणे फाखहोखशूलेपुरतीच चालते, विद्यापीठासाठी नाही. बव्हेरिया राज्यात म्युनिकचं कोलेग विद्यापीठांसाठी आहे आणि कोबुर्गचं फाखहोखशूलेसाठी. फाखहोखशूले वाईट नाहीत, प्रत्यक्ष कामाकडे ओढा असलेल्यांना तर मी तेच सुचवेन. फक्त ते ठरवून निवडा.

कोलेगच्या प्रवेशपरीक्षेला घाबरू नका. जर्मनच्या पेपरात बहुतेकदा सी-टेस्ट असते. छोटा उतारा, त्यातल्या दर दुसऱ्या शब्दाचा मागचा अर्धा भाग गायब, आणि तो तुम्ही भरायचा. पहिल्यांदा बघितला की उतारा उंदरांनी कुरतडल्यासारखा दिसतो. शेपटं बहुतेक विभक्ती आणि क्रियापदांच्या प्रत्ययांची असतात, त्यामुळे रोज एक उतारा सोडवला तर महिन्याभरात हात बसतो. गणित आपल्या अकरावी-बारावीच्या आतलंच: अपूर्णांक, घातांक, समीकरणं, त्रिकोणमिती. अडचण एवढीच की बऱ्याच ठिकाणी कॅल्क्युलेटर चालत नाही. आपली मुलं गणितात नाही, भागाकारात अडकतात.

टक्क्यांचीही भीती घेतलेली असते. तिथे गुण उलटे चालतात, १ उत्तम आणि ४ काठावर पास. शंभरातून आपले टक्के वजा करा, आलेल्या संख्येला तीनने गुणा, ६५ ने भागा आणि एक मिळवा, कारण आपली उत्तीर्णतेची हद्द ३५. ७८ टक्क्यांचे साधारण २.० होतात. हा बरा गुण आहे. नव्वदीच्या गर्दीत वाढलेल्यांना ते पटत नाही, पण खरं आहे.

सरकारी कोलेगला बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नसतं, फक्त सेमिस्टरचा अंशदान-खर्च. खासगी कोलेग हजारो युरो घेतात. सगळीच लुबाडणारी नसतात. पैसे भरण्याआधी त्यांना एकच प्रश्न ईमेलने विचारा: एफएसपी तुम्ही स्वतः घेता, की विद्यार्थ्याला बाहेर जाऊन द्यावी लागते? उत्तरात 'आमचं प्रमाणपत्र सगळीकडे चालतं' असं गोलमाल आलं, तर पुढे जाऊ नका. कन्सल्टंटला हाच प्रश्न विचारून बघा. बहुतेकांना एफएसपी म्हणजे काय हेच माहीत नसतं. कोलेगच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये धडपडत असलेला एखादा मुलगा तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त खरं सांगेल, तेही फुकट.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सध्या वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिना ९९२. कोलेगचं एक वर्ष आणि पुढची बॅचलरची किमान तीन वर्षं, असा पैशाचा हिशेब घरच्यांसमोर आत्ताच मांडा. आणि दुसऱ्याच मार्गाने जायचं ठरलं असेल, तर ज्या विद्यापीठात अर्ज करणार तिथे एप्रिलमध्येच विचारून ठेवा की दुसऱ्या सेमिस्टरची गुणपत्रिका मुदतीनंतर दिली तर चालेल का. 'हो' आलं तर तो ईमेल जपून ठेवा. 'नाही' आलं, तर त्याच आठवड्यात कोलेगच्या अर्जाची तयारी सुरू करा.