बोटीवरून उतरून एका दिवसात कोची

क्रूझची बोट कोचीला विलिंग्डन बेटावर लागते. बघण्यासारखं जुनं शहर पलीकडे, मट्टानचेरी आणि फोर्ट कोचीत. आधी वार पाहा. शुक्रवारी मट्टानचेरीचा राजवाडा बंद, शनिवारी 1568 चं परदेशी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बंद, शुक्रवारीही उघडं आहे का ते आधी विचारा. सिनेगॉग दुपारी 1 ते 3 सुद्धा मिटलेलं असतं, आणि बहुतेकांचा दिवस इथेच फसतो: सकाळ फोर्ट कोचीतल्या मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी जाते, दुपारी दाराला कुलूप. म्हणून उलटं करा. रिक्षा ठरवून आधी मट्टानचेरी गाठा. राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं घाईत पाहू नका, तीच खरी कमाई. सिनेगॉगमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. याच भागात गोव्याहून आलेल्या गौड सारस्वतांचं तिरुमला देवस्थान आहे. कोकणी कानावर पडेल.

जेवून फोर्ट कोची: सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला 1524 मध्ये पुरलं होतं (अवशेष पुढे पोर्तुगालला नेले). चिनी जाळी ओढून दाखवली की कोळी पैसे मागतात, आधी विचारा.

वेळ बोटीच्या घड्याळाची धरा. शेवटच्या चढण्याच्या वेळेआधी दीड तास परत निघा, पुलावर गाड्या तुंबतात. बोटीचं कार्ड आणि फोटो ओळखपत्र खिशातच ठेवा.