‘सही घेऊन ये’ म्हणण्याआधी : या चुका टाळा

मी भूलतज्ज्ञ. जिल्ह्यातल्या पाच-सहा हॉस्पिटलांत फिरून भूल देतो. त्यामुळे कन्सेंटच्या, म्हणजे ऑपरेशनला पेशंटची संमती घेण्याच्या, कागदावर कोणी काय दिवे लावलेत ते सगळ्यात शेवटी, टेबलापाशी, मलाच दिसतं. पंचवीस वर्षं त्याच त्या चुका बघतोय.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक : पेशंट शुद्धीत, शहाणासुरता, आणि सही मुलाची.

काही वर्षांपूर्वी एक शिंपीकाका आले होते. सत्तरीचे, जुना मधुमेह, उजव्या पायाची बोटं सुकून काळी पडलेली. कागदावर गुडघ्याखालून पाय काढायचं ऑपरेशन, खाली थोरल्याची सही. पाठीत सुई द्यायला मी काकांना बसवलं, पाठ स्पिरिटने पुसली, तेवढ्यात ते म्हणाले, “डॉक्टर, नुसती जखम धुवायला कण्यात सुई कशाला?”

बाहेर येऊन मुलाला विचारलं. “खरं सांगितलं असतं तर आलेच नसते हो.” सर्जन भडकले, यादीत अजून चार केसेस होत्या. मी भूल दिली नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं काकांच्या कॉटपाशी बसलो. बराच वेळ ते काही बोलेनात, मुलाकडे तर बघेचनात. मग एकच प्रश्न आला : “मशीन याच पायाने मारतो. आता?” सर्जन माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, “मोटर बसवा की काका, डाव्या पायाने चालते.” तिथून पुढे काकांनी प्रश्नांची सरबत्तीच लावली : गुडघा राहणार ना, जयपूर फूट कधी बसतो, नाहीच काढला तर काय होईल? तिसऱ्या दिवशी स्वतः सही केली. मुलाशी मात्र बरेच दिवस धड बोलत नव्हते म्हणे.

गँगरीन सुकं होतं म्हणून दोन दिवस मिळाले. विष अंगात भिनत असतं तर मिळाले नसते. आणि पेशंट बेशुद्ध, जीव धोक्यात, अशा वेळी सहीसाठी अडून बसणारा डॉक्टरही मूर्खच. पण बहुतेक वेळा अशी घाई पेशंटला नसतेच, ती आपल्या यादीला असते.

ज्यांना हे कीर्तन वाटतं त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा 16 जानेवारी 2008 चा निकाल वाचावा. दिल्लीतली 44 वर्षांची अविवाहित बाई. सही दुर्बिणीच्या तपासणीची, फार तर पोट उघडावं लागेल याची. ती भुलीखाली असताना सहायक डॉक्टर बाहेर आल्या, आईची संमती घेतली, आणि आत गर्भाशय व दोन्ही बीजकोश काढले. न्यायालय म्हणालं, जिवावर बेतलेलं नव्हतं, बाई सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं होतं. आईची संमती चालणार नाही. हेतू वाईट नव्हता हे मान्य करूनही डॉक्टरांची फी गेली, वर 25,000 रुपये भरपाई. काय करणार, कशासाठी, मोठे धोके कोणते, दुसरा मार्ग कोणता, काहीच न केल्यास काय, एवढं सांगा असं त्यात स्पष्ट आहे. लाखात एखाद्याला होणारे धोके वाचून दाखवा असं कुठेही नाही. तरी आमचे नवे हाउसमन, म्हणजे वॉर्डातले शिकाऊ डॉक्टर, एक तर काहीच सांगत नाहीत, नाहीतर पाठ केलेली यादी म्हणून दाखवतात आणि पेशंटचा रक्तदाब वाढवून ठेवतात.

“समजलं ना?” हा प्रश्नच बंद करा. आपल्याकडे डॉक्टरसमोर “नाही” कोण म्हणतं? मी विचारतो, “घरी फोन केलात तर काय सांगाल, उद्या काय करणार आहेत?” उत्तरात निम्मा घोळ बाहेर येतो. मी पुन्हा सांगतो. तीन-चार मिनिटं जातात, फार नाही.

कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन मजकूर नंतर भरणं : करू नका, बस. मराठी माणसाला इंग्रजी फॉर्म : तेच. गर्भपातासाठी नवऱ्याची सही मागणं : 1971 च्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, उगाच त्याला शोधत फिरू नका.

पेशंट “नको” म्हणाला की लगेच ‘डामा’चा, म्हणजे ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जातोय’ असा, कागद सहीसाठी पुढे करणं हा आळस. आधी कशाची भीती आहे ते विचारा. बऱ्याचदा ऑपरेशनची नसतेच, पैशांची असते.

आणि “तुम्ही सांगाल तसं, डॉक्टर” ऐकून खूश होऊ नका. काहींना खरंच ठरवायचं नसतं. दुसऱ्यावर सोपवणं हाही त्यांचाच निर्णय. फक्त दोन्ही मार्ग ऐकून घेऊन सोपवू देत. मी एवढंच म्हणतो, “मी माझं मत सांगतो, पण आधी सांगा, घरी गेल्यावर तुम्हाला काय करता आलंच पाहिजे?” एका आजींनी उत्तर दिलं, “जिना चढून देवघरात जाता आलं पाहिजे.” हाडाच्या डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं आणि मग बोलायला बसले.