बाळाची झोप आणि दूध: खान्देशातल्या घरांत होणाऱ्या या चुका टाळा

माझी मोठी मुलगी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधीची. बाळंतपण माहेरी, अमळनेर तालुक्यात. जुनं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर, बाहेर ४४ अंश, माहेरवाशिणींनी भरलेलं अंगण, आणि खोलीच्या भिंतीवर मी मोबाइलवर बघून लिहून लावलेलं वेळापत्रक: सकाळी सातला दूध, साडेआठला झोप, दहाला दूध. तिसऱ्या रात्री लाइट गेली, सगळं घर धाब्यावर झोपायला गेलं, बाळ दर तासाला रडत होतं आणि मीही रडत होते. ते वेळापत्रक थंड प्रदेशातल्या कुणी तरी, वेगळ्या घरासाठी केलेलं होतं. आमच्याकडे वैशाखात दुपारी दारं-खिडक्या बंद असतात आणि माणसं रात्री दहानंतर जागी होतात, हे त्याला कुठून माहीत असणार?

त्यानंतर दुसरं मूल झालं, आणि नात्यातल्या, गल्लीतल्या बऱ्याच बाळंतिणींजवळ मी रात्री बसले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. ‘बाळ झोपत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा दुधाची निघते, आणि ‘दूध पुरत नाही’ ही तक्रार पुष्कळदा झोपेची. दोन्ही एकत्र बघितल्याशिवाय काहीच सुटत नाही.

घड्याळ लावून पाजणं

नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं. म्हणजे सरासरी दोन-तीन तासांनी. पण ही सरासरी आहे, नियम नाही. सकाळी तीन तास निवांत झोपलेलं बाळ संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात दर अर्ध्या-पाऊण तासाला छाती मागतं. बरीच बाळं असंच करतात, त्यात वावगं काही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सहाव्या आठवड्याच्या आसपास आणि तिसऱ्या महिन्यात दोन-चार दिवस भूक एकदम वाढलेली दिसते. तेवढे दिवस मागेल तेव्हा पाजलं की दूधही त्या मानाने वाढतं.

चूक होते ती रडण्याची वाट बघण्यात. रडणं ही भुकेची शेवटची खूण. त्याआधी बाळ मूठ तोंडाकडे नेतं, जीभ बाहेर काढतं, गाल ज्याला लागेल तिकडे तोंड वळवतं. तेव्हाच घेतलं तर ते नीट तोंड उघडतं आणि नुसतं बोंड नाही, तर भोवतालचा काळसर भागही तोंडात घेतं. रडून लाल झालेलं बाळ छाती धड धरत नाही, वारा गिळतं, चार घोट पिऊन थकून झोपतं आणि वीस मिनिटांत पुन्हा उठतं. मग घरात सगळे म्हणतात, झोपच नाही याला.

‘दूध पुरस नही’ असं ठरवून टाकणं

या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण ती माझ्या बाबतीत झाली. चौथ्या संध्याकाळी मुलगी सतत प्यायला मागत होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, “तुनं दूध तिले पुरस नही व माय.” दुसऱ्या दिवशी वरचं दूध सुरू झालं. त्या रात्री बाळ चार तास झोपलं, सगळ्यांना हायसं वाटलं. पण पोट वरच्या दुधाने भरलं म्हणजे बाळ छातीला कमी लागतं, छाती रिकामी होत नाही आणि शरीर दूध कमी तयार करतं. आठवड्याभरात माझं दूध खरंच कमी झालं. ते परत यायला तीन आठवडे लागले: दर दोन तासांनी छातीला लावणं, उघड्या अंगाशी बाळाला धरून बसणं, रात्रीचं पाजणं न चुकवणं. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं सोडलं की दूध लवकर आटतं.

छाती मऊ लागते, दाबल्यावर दूध येत नाही, बाळ बोट चोखतं, यावरून दूध कमी आहे असं ठरत नाही. दोन गोष्टी बघा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले होतात का, आणि लघवी फिकट आहे का. दुसरं, वजन. पहिल्या काही दिवसांत जन्माच्या वजनापेक्षा थोडी घट होतेच. साधारण दोन आठवड्यांत ती भरून निघायला हवी. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. त्यांना दारातूनच चहा देऊन पाठवू नका, प्रत्येक वेळी वजन करून घ्या आणि लिहून ठेवा. या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर कुणी काहीही म्हणो, दूध पुरतं आहे.

वजन खरोखर वाढत नसेल, तर मात्र हट्ट धरू नका. डॉक्टरांना दाखवा. त्यांनी वरचं दूध सांगितलं तर डब्यावर लिहिलेल्या मापानेच करा. डबा महिनाभर पुरावा म्हणून पातळ केलेल्या दुधाने बाळाचं पोट भरतं, अंग भरत नाही. बाटलीऐवजी वाटी-चमचा घ्या, उकळून साफ होतो.

उन्हाळ्यात पाणी पाजणं

“उन्हाळा शे, पोरले पानी पाज.” हे वाक्य भुसावळपासून नवापूरपर्यंत प्रत्येक बाळंतिणीने ऐकलेलं असेल. मायेपोटीच म्हटलं जातं ते. पण आईच्या दुधात जवळजवळ ८७ टक्के पाणीच असतं. पाणी पाजलं की इवलंसं पोट भरतं, दूध मागे राहतं, आणि पाणी स्वच्छ नसेल तर जुलाब वेगळेच. पहिले सहा महिने पाणी नाही, मे महिन्यातही नाही. पाजण्याच्या वेळा मात्र वाढवा.

पाणी प्यायला हवं ते आईने. बाळंतिणीला पाणी तोडण्याची रीत अजून काही घरांत आहे. आपल्या हवेत ती रीत आईला आजारी पाडते. प्रत्येक वेळी पाजायला बसताना तांब्या जवळ हवा.

मध एक वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवायचाच नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. जायफळ-वेखंडाची घुटी देऊन बाळ झोपतं, पण ती गुंगी असते; गुंगीतलं बाळ भूक लागली तरी उठत नाही.

गुणी बाळ

“किती शांत आहे, पाच पाच तास झोपतं.” पहिल्या पंधरा दिवसांत हे वाक्य ऐकलं की मी आधी लंगोट विचारते. काही बाळं कमी दूध पोटात गेल्यामुळे मलूल होऊन झोपतात, आणि झोपल्यामुळे आणखी कमी पितात. काविळीची बाळंही अशीच सुस्त असतात. जन्माचं वजन भरून येईपर्यंत तीन तासांपेक्षा जास्त झोपू देऊ नका. दुपटं सोडा, लंगोट बदला, तळपायांना चोळा आणि छातीला लावा. वजन नीट वाढायला लागलं की मग रात्री उठवायची गरज राहत नाही.

कडक उन्हाळ्यात दुसऱ्या-चौथ्या दिवशी दूध कमी गेलेल्या बाळाला अंगातलं पाणी कमी होऊनही ताप येतो. पण तो ताप कशाचा, हे घरी ठरवायचं नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, दूध ओढायचं सोडून देणं, उठवूनही न उठणं, टाळू खोल जाणं, तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाणं: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. गाडी नसेल तर १०८ला फोन करा.

सव्वा महिना अंधारात

बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सगळ्यात आतली, अंधारी. त्यात उन्हाळा असला तर दारावर ओली चादर, खिडक्या बंद. बाळाला दिवस दिसतच नाही. रात्री मात्र लाइट चालू, टीव्ही चालू, ऊन उतरल्यावर बघायला आलेली माणसं, आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकदा तरी बाळ. मग दिवसभर झोपून रात्री टक्क जागं राहिलं तर त्याचं काय चुकलं?

पोटात असताना बाळाला दिवस-रात्र नसते. ती जाण हळूहळू येते, साधारण दोन-तीन महिने लागतात, आणि ती उजेडातून येते. सकाळी सात-साडेसातला, ऊन कोवळं असताना, बाळाला ओट्यावर किंवा खिडकीजवळ घ्या. तिथेच बोला, तिथेच पाजा. दुपारीही खोली पूर्ण काळोखी नको, पडद्यातून येईल तेवढा उजेड असू द्या. रात्री उलट: मंद दिवा, बोलणं कुजबुजत, लंगोट बदलायचा तर मुकाट्याने, पाजून पुन्हा खाली. आलेल्या पाहुण्यांना मी दुसऱ्या वेळी स्पष्ट सांगितलं, सकाळी या. दोन मावश्या रुसल्या. आठ दिवसांत बाळाची पहिली झोप रात्रीकडे सरकली.

त्या दुसऱ्या बाळाला आम्ही वेळा लावल्या नाहीत, क्रम लावला. मालिश, मग अंघोळ, मग दूध, मग झोप. मालिश पोट भरल्यावर केली तर बाळ दूध टाकतं, म्हणून ती आधी. उन्हाळ्यात अंघोळ संध्याकाळी घातली, तीही कोमट पाण्याने. थंडीत सकाळी अकराला. वेळ ऋतूप्रमाणे बदलली, क्रम बदलला नाही. महिनाभराने तेलाची वाटी दिसली की बाळाला पुढचं कळायला लागलं.

टोपरं, दुपटं आणि झोळी

बाहेर लू चालू आहे आणि बाळाच्या डोक्याला टोपरं, पायात मोजे, वर दोन दुपटी. हे मी दर वर्षी बघते. हात-पाय गार लागले म्हणून बाळाला थंडी वाजते असं नाही. मान आणि छाती हात लावून बघा. घाम असेल तर कपडे जास्त झाले. घरात टोपरं नको, एक सुती झबलं पुरे. कूलर लावायला हरकत नाही, झोत थेट अंगावर नको. जास्त उकाडा नुसता किरकिरेपणा आणत नाही, झोपेत अचानक दगावण्याचा धोकाही वाढवतो.

साडीची झोळी आपल्याकडे घरोघरी आहे, शेतातल्या निंबाखालीही आहे. तीत बाळ लवकर झोपतं हे खरं. पण त्यात हनुवटी छातीला टेकते आणि लहान बाळाचा श्वास अडू शकतो. समोर कुणी बसलेलं असेल तेवढाच वेळ झोळी, झोप लागली की सपाट गादीवर, पाठीवर. उशी नको, तोंडाजवळ गोधडी नको. रात्री खुर्चीत बसून पाजताना डोळा लागणं फार धोक्याचं आहे. झोप येत असेल तर बाळ शेजारच्या माणसाकडे द्या, मग झोपा. दर रात्री एकट्या आईनेच उठायचं आणि बाकीच्यांनी सकाळी सल्ला द्यायचा, हे मला मान्य नाही. लंगोट बदलणं, ढेकर काढणं, थोपटणं यातलं काहीही करायला दूध लागत नाही.

प्रत्येक कुरकुरीला उचलणं

लहान बाळाची जवळजवळ अर्धी झोप हलकी असते. त्यात ते कण्हतं, तोंड वेडंवाकडं करतं, पाय झाडतं, क्षणभर रडतंही. आपण लगेच उचललं तर झोपलेल्या बाळाला आपणच जागं करतो. मिनिटभर थांबा, छातीवर हात ठेवा. डोळे उघडून तोंड शोधायला लागलं तरच घ्या.

चौथ्या महिन्याच्या आसपास नीट झोपणारं बाळ पुन्हा रात्री उठायला लागतं. झोपेची घडण बदलत असते, दृष्ट लागलेली नसते.

वेचणीला जाणाऱ्या आईचं दूध

दसऱ्यानंतर कापूस वेचणी सुरू झाली की तीन-चार महिन्यांची बाळं आजीजवळ राहतात आणि गाई-म्हशीचं दूध सुरू होतं. ते टाळता येतं. हात स्वच्छ धुऊन, उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात दूध काढून झाकून ठेवा. २५ अंशांपर्यंत ते साधारण चार तास टिकतं. हा आकडा नीट बघा, कारण आपल्याकडे ऑक्टोबरच्या दुपारी खोली ३३-३४ अंशांवर असते. तिथे चार तास धरू नका. फ्रिजमध्ये, तेही आतल्या बाजूला ठेवा, दारात नको. देताना भांडं गरम पाण्यात ठेवून कोमट करा, गॅसवर उकळू नका. उष्टं दूध पुढच्या वेळी नाही. आईने शेतातही दोनदा दूध काढलं पाहिजे, नाही तर छातीत गाठी होतात आणि दूध आटतं. मुकादमाला हे सांगायला लाजू नका.

रात्रभर झोपावं म्हणून लवकर भरवणं

चौथ्या महिन्यातच रात्री पेज किंवा बिस्कीट दुधात कालवून दिलं की बाळ झोपेल, ही समजूत जुनी आहे. त्या वयात आतडी तयार नसतात, बाळ पोट धरून रडतं आणि झोप आणखी मोडते. सहा महिने पूर्ण झाल्यावरच सुरू करा. आणि मग डाळीचं पाणी, भाताची पेज यात वेळ घालवू नका. त्यात पाणीच जास्त. चमचा तिरका केला तरी लगेच ओघळणार नाही इतकं दाट हवं: कुस्करलेलं केळं, तूप घातलेली मऊ मुगाची खिचडी, ज्वारीच्या पिठाची घट्ट लापशी. मीठ-साखर वर्षापर्यंत नको. दोन-तीन चमच्यांपासून, दिवसातून दोनदा, हळूहळू तीनदा. नवा पदार्थ सकाळी द्या, रात्री नाही, म्हणजे सोसला नाही तर दिवसा कळेल आणि डॉक्टरही जागेवर असतील. अंगावरचं दूध आधीसारखंच चालू ठेवा, दोन वर्षांपर्यंत.