अलीराजपूरच्या गावात काम आहे? आधी फलिया विचारा

शिबिर असो की सर्वेक्षण, इंदूरहून मध्य प्रदेशातल्याच अलीराजपूर जिल्ह्याला निघण्याआधी कागदावर चार नावं लिहून घ्या: फलिया (गावातली छोटी वस्ती), गाव, ग्रामपंचायत आणि विकासखंड (म्हणजे ब्लॉक). विकासखंड सहा आहेत: अलीराजपूर, जोबट, उदयगढ, सोंडवा, कट्ठीवाडा आणि चंद्रशेखर आझाद नगर, म्हणजे जुनं भाबरा. जिल्हा 17 मे 2008 रोजी झाबुआतून वेगळा निघाला, त्यामुळे त्याआधीच्या दाखल्यांवर ‘जिल्हा झाबुआ’ असणारच. ती चूक समजून कागद परत पाठवू नका.

फलियावर एवढा जोर का? इथे आपल्यासारखी दाट वस्तीची गावं नाहीत. प्रत्येक घर आपापल्या शेतात, टेकडीच्या उतारावर. अशा काही घरांचा मिळून एक फलिया. फोनवरचा नकाशा गावाच्या नावावर कुठेतरी मधोमध आणून सोडतो आणि हवं ते घर दोन टेकड्यांपलीकडे राहतं. शिवाय पटेल फलिया, स्कूल फलिया ही नावं गावोगाव सापडतात, म्हणून नुसता फलिया सांगूनही भागत नाही. सोंडव्याच्या नर्मदाकाठी तर सरदार सरोवराचं पाणी दऱ्यांत शिरलेलं आहे. तिथे समोर दिसणाऱ्या वस्तीला होडीनेच जावं लागतं. पावसाळ्यात गाडी पोहोचेल का, हे आदल्या दिवशी पंचायत सचिवाला विचारून ठेवा.

आता कचेऱ्या. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण दोन उतरंडी शेजारीशेजारी चालतात. जमिनीचं काम असेल तर पटवारी (आपला तलाठी), तहसीलदार, एसडीएम (उपविभागीय अधिकारी). समग्र आयडी (मध्य प्रदेशातला कुटुंबाचा आणि व्यक्तीचा ओळख क्रमांक), पेन्शन, मनरेगा असेल तर पंचायत सचिव किंवा रोजगार सहायक आणि वर जनपद पंचायत, म्हणजे विकासखंडाची पंचायत. पेन्शनसाठी तहसीलमध्ये रांग लावली तर दिवस वाया जातो. जातीचा दाखला एसडीएमकडून मिळतो, अर्ज मात्र लोकसेवा केंद्रात करायचा. सरकारी शाळा आणि वसतिगृहं जनजातीय कार्य विभागाकडे आहेत, तेव्हा परवानगीसाठी सहायक आयुक्तांना भेटा. वनजमिनीच्या पट्ट्याचा दावा ग्रामसभेच्या वनाधिकार समितीतून सुरू होतो. थेट वनविभागात दिलेला अर्ज पुढे सरकत नाही.

ग्रामसभेला कमी लेखू नका. हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी क्षेत्र म्हणून जाहीर झालेला जिल्हा आहे, आणि अशा भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारे मध्य प्रदेशचे पेसा नियम 15 नोव्हेंबर 2022 पासून लागू आहेत. सभेचा अध्यक्ष सरपंच नसतो. पंचायतीत पद नसलेला आदिवासी सदस्य सभा चालवतो. सरपंचाने होकार दिला म्हणजे गावाने दिला असं धरून सामान उतरवणं गावकऱ्यांवर अन्याय आहे. आणि जागा ‘विकत घेऊन’ केंद्र उभारायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा: मध्य प्रदेशच्या भू-राजस्व (जमीन महसूल) संहितेच्या कलम 165(6) नुसार इथली आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींना घेता येत नाही.

काम अडलंच तर मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारींची सुनावणी असते. तारीख ठरवताना मात्र त्या भागाचा हाटाचा (आठवडी बाजाराचा) वार टाळा, आणि होळीआधीचा भगोरिया या आदिवासी जत्रेचा आठवडा तर पूर्णच सोडा. फलियात कुणी भेटणार नाही.