कयाकवरून गोड्या पाण्यात गळ टाकायचाय? आधी दोरी भरा

पाऊस सरला की ठाण्या-नवी मुंबईतलं कुणी ना कुणी नवीन कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, घेतं आणि विचारतं, मासे कुठे लागतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो. लाइफ जॅकेट, शिट्टी, टोपी, पाणी, मोबाइलला वॉटरप्रूफ पाऊच. हे सांगावं लागत असेल तर जाऊच नका. आणि जॅकेट अंगात, सीटखाली नाही.

आता दोरी. वीसेक मीटर नायलॉनची, फार जाड नको, टोकाला दीड किलोचा घडीचा नांगर, नसेल तर कांद्याच्या जाळीच्या गोणीत दगड भरा. दर मीटरला एक गाठ, पाचव्या मीटरला रंगीत चिंधी. गेल्या वेळी माझं बाकी सगळं सामान गाडीत होतं आणि दोरी बाल्कनीत. जागा बरोबर सापडली, चावे पण आले, आणि वाऱ्याने कयाक सरकत सरकत पार पलीकडे, वल्हं धरलं की गळाची काठी सुटते आणि काठी धरली की जागा सुटते, सकाळभर हेच. शिवाय नवीन माणसाकडे फिशफाइंडर, म्हणजे खोली आणि मासे दाखवणारं यंत्र, नसतो, मग खोली कशाने मोजणार? याच दोरीने. म्हणून दोरी.

जागा मात्र घरी बसून शोधायची. यूट्यूबवर अमेरिकेतले लोक ब्लूगिल आणि क्रॅपी काढतात ते बघून आपण निघतो, ते मासे इथे नाहीत. आपल्याकडे त्या जागी तिलापिया, म्हणजे चिलापी, 1952 मध्ये भारतात आणली आणि आता जिथे तिथे घुसलीय. ब्लूगिलसारखाच हिचाही नर उथळ पाण्यात तळाला गोल खड्डा करतो, त्यामुळे त्या व्हिडिओंमधलं निम्मं तरी कामाला येतं: काठाजवळ, आडोशाला, उथळ आणि खोल पाणी जिथे मिळतं तिथे.

तो आडोसा ऑक्टोबरमध्ये भरलेल्या पाण्यावरून दिसत नाही. कॉम्प्युटरवर गूगल अर्थ प्रो उघडा, जुन्या तारखांची सॅटेलाइट चित्रं बघता येतात, त्यात एप्रिल-मेचं चित्र काढा. पाणी उतरलेलं असतं, शेताचे बांध, जुना रस्ता, ओढ्याचं पात्र, बाभळीची खोडं सगळं उघडं पडलेलं दिसतं. तिथे तिथे पिन मारून ठेवा. जमलं तर मेमध्ये प्रत्यक्ष काठाने चालून या, सुकलेल्या चिखलात परातीएवढे खड्डे ओळीने दिसले तर चिलापीची घरटी असणार. फक्त पाणी चढलं की तीच पिन कितीतरी मीटर खाली गेलेली असते, मग पिनवर पोचून आधी दोरी सोडा आणि गाठी मोजा, दोन-तीन मीटर असेल तर थांबा, आठ लागले तर काठाकडे सरका. दोरी नसेल तर पिनचा काही उपयोग नाही, परत सांगतोय.

कुठे जायचं हा वादाचा विषय. ठाण्याची खाडी खारी, भरती-ओहोटीची, ती यात धरूच नका. तलावपाळी, उपवन वगैरे शहरातल्या तलावांत स्वतःची कयाक घेऊन उतरायचा विचार सोडा. मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेचं, बारवी धरण एमआयडीसीचं, पिण्याचं पाणी आहे, तिथे हट्ट नको. पवईला मगरी आहेत. राहिलं काय, तर कर्जत-मुरबाडकडची खाजगी शेततळी, गावतळी, किंवा लांब जायची तयारी असेल तर पवना धरणाचं बॅकवॉटर. कुठेही गेलात तरी गावात आधी विचारा, बऱ्याच तलावांची मासेमारी मच्छीमार सोसायटीला ठेक्याने दिलेली असते, त्यांनी सोडलेले रोहू-कटला तुम्ही फुकट काढणार आणि ते बघत बसणार असं होत नाही. पाण्यावर रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे, लांबून वळसा.

उल्हास नदी जवळ पडते पण नवख्याने नको. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून पाणी सुटतं ते उल्हासमध्येच येतं, आणि वाहत्या पाण्यात नांगर टाकणं म्हणजे उलटायची सोय. संथ पाण्यातसुद्धा दोरी बाजूला मधोमध बांधू नका, पुढच्या नाहीतर मागच्या टोकाला बांधा, खोलीच्या तिप्पट तरी सोडा, आणि सुरी हाताशी ठेवा, नांगर खोडात अडकला तर कापून मोकळे व्हा. नांगर गेला तर गेला.

उजाडताना पाण्यात उतरा, दुपारकडे वारा वाढतो. जाताना वाऱ्याच्या तोंडावर वल्हवा, मग येताना दमलेल्या हातांना वारा ढकलतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र चिलापीला थंडी सोसत नाही, ऊन पडलेला काठ धरा आणि उशिरापर्यंत थांबा. खंड्या आणि पाणकावळे जिथे बुडी मारतायत तिथे बारकी मासळी आहे, एवढं कळलं तरी खूप.

गळ बारीक, तंगूस (गळाची नायलॉन दोरी) बारीक, गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. पंधरा-वीस मिनिटं चावा नाही तर दोरी ओढा, पुढची पिन. पावसाळ्यात जाऊ नका, बंदीचे आदेश असतात आणि नसले तरी नको. घरी सांगून जा. गाडीवर पट्टे दोनदा तपासा. निघताना कयाकला चिकटलेली जलपर्णी तिथेच झटका, आणि जिवंत चिलापी बादलीत आणून सोसायटीच्या नाहीतर गावच्या तळ्यात सोडू नका, ती इतर माशांना जागा ठेवत नाही.