छायांकित उताऱ्यातल्या तळटिपा: या चुका टाळा

मराठेकालीन कागदपत्रांच्या संपादनात मूळ फारसी पत्र राखाडी चौकटीत आणि खाली मराठी तर्जुमा, अशी मांडणी छान दिसते. अडचण येते ती चौकटीतल्या तळटिपांची.

लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत ‘फ्रेम्ड’ पॅकेजच्या (जोड-संचाच्या) ‘शेडेड’ चौकटीत नेहमीची फुटनोट टाकली तर फाइल बिनतक्रार तयार होते. आकडा दिसतो, टीप मात्र गायब. म्हणून चौकटीत फक्त आकडा छापणारी ‘फुटनोटमार्क’ आज्ञा द्या आणि मजकूर चौकट संपताच ‘फुटनोटटेक्स्ट’मध्ये लिहा.

खरी गफलत पुढे होते. चौकटीत ४ आणि ५ असे दोन आकडे असतील, तर बाहेरच्या दोन्ही टिपांवर ५ छापला जातो, कारण ‘फुटनोटटेक्स्ट’ काउंटर (टिपांचे आकडे मोजणारा गणक) पुढे नेत नाही, तो जिथे आहे तिथलाच आकडा घेतो. पहिल्या टिपेआधी काउंटर एकने मागे घ्या, दुसरीआधी एकने पुढे न्या. आज्ञेपुढच्या चौकोनी कंसात आकडा हाताने लिहून वेळ मारून नेऊ नका. त्याच प्रकरणात आधी एक टीप वाढली की हे आकडे चुकलेच. टिपा बऱ्याच असतील तर चौकटीभोवती ‘फुटनोट’ पॅकेजचे ‘सेव्हनोट्स’ वापरावे, हा हिशेबच उरत नाही. सोबत दुवे जोडणारे ‘हायपररेफ’ पॅकेज असेल तर त्यासाठी ‘फुटनोटहायपर’ पॅकेज घ्या.

टीप चौकटीबाहेर काढली की ती फारसीच्या एन्व्हायरन्मेंटमधूनही (भाषा आणि फाँट ठरवणाऱ्या भागातूनही) बाहेर पडते. तिच्यातले फारसी शब्द देवनागरी फाँटकडे जातात आणि अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन किंवा नुसती मोकळी जागा उरते. टिपेच्या आत भाषा पुन्हा सांगा. लॉगमध्ये (लाटेकच्या नोंदींच्या फाइलमध्ये) ‘मिसिंग कॅरेक्टर’ शोधण्याची सवय ठेवा. ही चूक एरर म्हणून थांबवत नाही.

‘टीकलरबॉक्स’ या चौकटींच्या दुसऱ्या पॅकेजमध्ये टिपा हरवत नाहीत, पण चौकटीच्याच तळाशी बसतात आणि खुणा इंग्रजी लहान अक्षरांच्या येतात. पुस्तकभर देवनागरी आकडे असताना हे खटकते, वाचकालाही दोन क्रम सांभाळावे लागतात. संपादित ग्रंथात मी हा पर्याय घेणार नाही.

चौकट दोन पानांवर गेली तर आकडा पहिल्या पानावर आणि टीप दुसऱ्यावर पडते. यावर आपोआप होणारा भरवशाचा उपाय नाही. शेवटच्या प्रुफात पाने पक्की झाल्यावर अशी चौकट परिच्छेदाच्या शेवटी तोडून दोन चौकटी करा आणि प्रत्येकीच्या टिपा तिच्यामागेच ठेवा. हे काम आधी केलेत तर मजकूर सरकताच पुन्हा करावे लागेल.