आरएक्स-७ चा सायलेन्सर मोकळा केलात? आता बूस्ट आवरा

माझदा आरएक्स-७ ची तिसरी पिढी, म्हणजे १९९१च्या अखेरीस जपानमध्ये आलेली एफडी, हाती आली की मालक पहिल्यांदा सायलेन्सर बदलतो. आवाज सुधारतो, पिकअप वाढतो, आणि कुठलंही बटण न फिरवता बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाबही वाढतो. मेख इथेच आहे. टर्बाइनच्या, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाच्या मागचा रस्ता मोकळा झाला की टर्बो जोरात फिरतो. त्याला आवरायला वेस्टगेटची झडप थोडा धूर बाजूने सोडून देते. पण तिचं भोक कंपनीने मूळच्या कोंडलेल्या सायलेन्सरच्या हिशेबाने ठेवलेलं. झडप पूर्ण उघडूनही धूर निघेनासा झाला की आरपीएमबरोबर बूस्ट चढतच राहतो. याला म्हणतात बूस्ट क्रीप.

दुसऱ्या गाडीत थोडं चालून जाईल, आरएक्स-७ च्या रोटरी इंजिनात (पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो ते) नाही. बूस्ट वाढला आणि पेट्रोल कमी पडलं की नॉकिंग होतं (मिश्रण अवेळी भडकतं), रोटरच्या टोकाची एपेक्स सील तुटते, आणि बाहेर पडता पडता तो तुकडा टर्बाइनच्या पात्यांनाही घेऊन जातो.

१. आधी मीटर लावा. शेवटची मॉडेलं सोडली तर एफडीच्या डॅशबोर्डवर कंपनीचा बूस्ट मीटर नाही. जुना सायलेन्सर असतानाच मीटर बसवून आकडे टिपून ठेवा. एफडीत दोन टर्बो आहेत, एकामागून एक कामाला लागणारे. धडधाकट गाडी १०-८-१० दाखवते: पहिल्या टर्बोवर १० पीएसआय (साधारण ०.७ बार), ४,५०० आरपीएमच्या आसपास दुसरा टर्बो जोडला जाताना ८, मग परत १०.

२. नळ्या तपासा. हा नमुना दिसत नसेल तर संशय व्हॅक्यूमच्या नळ्यांवर. इनटेकखाली त्यांचं जाळं आहे आणि उष्णतेने त्या कडक होतात. टोकाशी नखाने दाबून बघा. रबर दबत नसेल तर नळी गेली समजा. वेस्टगेटच्या ॲक्ट्युएटरकडे (झडप उघडणाऱ्या यंत्रणेकडे) जाणारी नळी निसटली तर झडप उघडणारच नाही. सिलिकॉनच्या नळ्या घाला, पण एक काढून तिथे लगेच नवी लावा. सगळ्या एकदम उपटल्या तर कोडं सोडवत बसाल. काही नळ्यांच्या आत बारीक भोकाचा छोटा तुकडा असतो. बूस्टचा हिशेब त्याच्यावर चालतो, जुन्या नळीबरोबर तो फेकू नका.

३. एका वेळी एकच भाग बदला. आधी मागचा सायलेन्सर, मग डाउनपाइप (टर्बोला लगेच जोडलेला धुराचा पाइप). प्रत्येक वेळी पुन्हा आकडे. धूर स्वच्छ करणारा मुख्य कॅटॅलिटिक कन्व्हर्टर राहू द्या. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीतून तो काढणं बेकायदाच आहे, शिवाय क्रीपला थोडा लगामही तोच घालतो.

४. चाचणी डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा ट्रॅकवर. इंजिन गरम, तिसरा गिअर, मीटरवर डोळा शेजारच्याचा. मूळ ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) असताना काटा ११ पीएसआयच्या पुढे सरकला की पाय काढा. वरच्या आरपीएमला जास्त लक्ष द्या, क्रीप तिथेच दिसतो. थंड हवा दाट असते, त्यामुळे उन्हाळ्यात पास झालेली गाडी हिवाळ्यात नापास होऊ शकते.

५. क्रीप निघाला तर भोक मोठं करा. इथे बरेच जण बूस्ट कंट्रोलर विकत आणतात. पैसे पाण्यात. कंट्रोलर झडपेला उशिरा उघडायला लावू शकतो. पूर्ण उघडलेल्या झडपेला आणखी कसा उघडणार? टर्बो उतरवून वेस्टगेटचं भोक घासून वाढवावं लागतं. झाकण चहूबाजूंनी नीट टेकेल इतकी कड शिल्लक हवी, नाहीतर बूस्ट गळेल. कामाला वेळ लागतो, मजुरी जास्त पडते, पण दुसरा इलाज टिकत नाही.

६. पेट्रोलचा हिशेब. बूस्ट मर्यादेबाहेर गेला की मूळ ईसीयू पेट्रोल तोडतो आणि गाडी जोरात गचका देते. त्याला फसवणारी छोटी डबी बाजारात मिळते; ती लावू नका, तो गचकाच इंजिन वाचवतो. त्यापेक्षा एपेक्सीच्या पॉवर एफसीसारखा प्रोग्राम करता येणारा ईसीयू घ्या आणि रोटरी जाणणाऱ्याकडून डायनोवर ट्यून करून घ्या. हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड मीटर लावून पूर्ण बूस्टवर ते ११ च्या आसपास (एक भाग पेट्रोलला ११ भाग हवा) ठेवा. पेट्रोल मिळेल तितक्या जास्त ऑक्टेनचं.

मीटरला अलार्म असेल तर ठरवलेल्या बूस्टपेक्षा १ पीएसआय वर लावून ठेवा. थंडीत तो वाजू लागला तर पुन्हा पाचव्या पायरीवर या.